भावाच्या पेशी, बहिणीचं रक्त

लोणंद म्हटलं की व्यापाऱ्याला कांद्याचा लिलाव आठवतो आणि वारकऱ्याला नीरा ओलांडल्यानंतरचा माउलींच्या पालखीचा मुक्काम. मेंढपाळाला मात्र मेंढीच आठवते. दख्खनी मेंढीचे जे प्रकार पशुतज्ज्ञ मानतात, त्यांतल्या एकाचं नावच 'लोणंद' आहे. खंडाळा, फलटण, माण या कमी पावसाच्या भागात धनगरांच्या कळपांनी ही मेंढी पिढ्यान्‌पिढ्या जपली. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारी, मिळेल त्या पाल्यावर तग धरणारी आणि बहुतेक वेळा एका वेतात एकच कोकरू देणारी.

हे 'एकच कोकरू' बदलण्याचा प्रयत्न याच पट्ट्यात झाला. फलटण-लोणंद रस्त्यावर तांबमाळ इथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकरांनी ती १९६८ मध्ये स्थापन केली. १९९० च्या दशकात या संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातून गारोळ जातीच्या मेंढ्या आणल्या. गारोळ मेंढी अंगानं अगदी लहानखुरी, पण जुळी-तिळी देण्यात पटाईत. तिच्यात फेक-बी नावाचं एक जनुक आहे. त्याची एक प्रत जरी मिळाली तरी मेंढीच्या अंडाशयातून एका माजात एकाऐवजी बहुधा दोन अंडी सुटतात. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक संकर करून दख्खनी मेंढीत उतरवलं. कोणत्या कोकरात ते आलं आहे हे डीएनए तपासणीनं पाहण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ मिळाली. त्यातून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. ऑस्ट्रेलियातल्या प्रसिद्ध बुरुला मेंढीतही हेच जनुक आहे. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला जहाजानं गेलेल्या बंगाली मेंढ्यांमधून ते तिकडे पोचलं असं मानलं जातं. जनुकातला नेमका बदल २००१ मध्ये सापडला.

म्हणजे लोणंदच्या आसपासच्या काही कळपांत आता जुळी कोकरं जास्त. त्यांतल्या बऱ्याच जोड्यांत एक नर, एक मादी. पोटात शेजारी शेजारी वाढणाऱ्या या भावाबहिणीत कधी कधी जे घडतं, त्यातून मूलपेशींबद्दलचा एक मूलभूत प्रश्न विचारता येतो. पेशीला स्वतःचं लिंग असतं का? आणि असेल, तर ते पेशीच्या आत असतं की ती ज्या शरीरात राहते त्या शरीरात?

मेंढीपेक्षा हा प्रकार गायीत जास्त दिसतो. गाय जुळी व्याली आणि त्यांत एक गोऱ्हा, एक कालवड असेल, तर जाणता गोपालक त्या कालवडीवर फारशी आशा ठेवत नाही. ती दिसायला धडधाकट असते, पण वयात येऊनही माजावर येत नाही. अशा जोडीतल्या ९० टक्क्यांहून अधिक कालवडी वांझ निघतात. इंग्रज शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७९ मध्ये अशा कालवडींचं शवविच्छेदन करून त्यांचं वर्णन लिहिलं. कारण सापडायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. फ्रँक लिली या शास्त्रज्ञानं १९१६ मध्ये दाखवलं की गायीच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि भावाचं रक्त बहिणीच्या अंगात फिरू लागतं. त्या रक्तातून आलेली नराची संप्रेरकं बहिणीच्या जननेंद्रियांची वाढ बिघडवतात. यात मुख्य वाटा अँटी-म्युलेरियन संप्रेरकाचा असल्याचं मानलं जातं. पुरुष गर्भात गर्भाशयाचा अंकुर विरघळवून टाकणं हेच त्याचं काम असतं. मेंढीत वारेतल्या रक्तवाहिन्या अशा क्वचितच जुळतात. तरी जिथे जुळी-तिळी वाढतात तिथे अशा वांझ मेंढ्यांचं प्रमाणही थोडं वाढतं, हे परदेशातल्या कळपांत नोंदलं गेलं आहे.

संप्रेरकं येतात, परिणाम करतात आणि संपतात. रक्ताबरोबर आलेल्या पेशींचं तसं होत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन जुळ्या वासरांचे रक्तगट तपासत होते. त्यांना आढळलं की एकसारखी नसलेली, म्हणजे दोन वेगळ्या अंड्यांतून जन्मलेली जुळीसुद्धा प्रत्येकी दोन रक्तगट बाळगून असतात, स्वतःचा आणि भावंडाचा. १९४५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांच्या तर्काचं मला फार अप्रूप वाटतं. तांबडी रक्तपेशी काही महिनेच जगते. पोटात असताना भावाकडून नुसत्या तयार तांबड्या पेशी आल्या असत्या, तर जन्मानंतर वर्षभरात त्या नाहीशा झाल्या असत्या. पण मोठ्या झालेल्या गुरांतही त्या होत्याच. म्हणजे आल्या होत्या त्या तांबड्या पेशी घडवणाऱ्या मूळच्या पेशी. त्या भावाच्या शरीरातून निघाल्या, बहिणीच्या अस्थिमज्जेत रुजल्या आणि जन्मभर तिथेच भावाचं रक्त बनवत राहिल्या. मूलपेशी हा शब्द तेव्हा सामान्य वाचकाच्या कानावरही नव्हता, तरी ओवेन यांनी तिचं अस्तित्व आकड्यांवरून ओळखलं होतं.

तेच माणसात १९५३ मध्ये दिसलं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात एका तरुण स्त्रीनं रक्तदान केलं. गट तपासताना तंत्रज्ञ गोंधळून गेले. रक्तात ओ आणि ए अशा दोन्ही गटांच्या पेशी मिसळलेल्या होत्या. तिला दुसऱ्याचं रक्त कधी दिलेलं नव्हतं. नमुना लंडनला रक्तगटतज्ज्ञ रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर यांच्याकडे गेला. त्यांना ओवेन यांची गुरं आठवली आणि त्यांनी विचारणा केली, या बाईंना जुळं भावंड होतं का? उत्तर आलं, होतं. जुळा भाऊ. तो तीन महिन्यांचा असताना वारला होता. भाऊ जाऊन पंचवीस वर्षं उलटली होती आणि त्याच्या मूलपेशी बहिणीच्या हाडांत अजून काम करत होत्या. पुढे १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये जुळ्यांची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा भिन्न अंड्यांच्या जुळ्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांत असे दुसऱ्याच्या रक्तपेशींचे अंश सापडले. माणसात बहीण कालवडीसारखी वांझ होत नाही, कारण माणसाच्या जुळ्यांच्या वारा बहुधा स्वतंत्र राहतात आणि देवाणघेवाण झालीच तर ती थोडीशी असते.

या साऱ्यातून एक गोष्ट सरळ निघते. रक्त बनवण्याच्या रोजच्या कामात, पेशी पुरुषाची आहे की स्त्रीची, यानं फारसं अडत नाही. नराची मूलपेशी मादीच्या शरीरात निर्वेधपणे रक्त घडवते. निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात. त्या पुरुषाच्या एक्सवाय पेशीपासून झाल्या की स्त्रीच्या एक्सएक्स पेशीपासून, हे प्राणवायू वाहण्याच्या कामात कळतही नाही. मग फरक कुठे पडतो? तो शोधायचा तर पेशीच्या आत डोकवावं लागतं.

माणसाच्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. शेवटच्या जोडीत स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. वाय गुणसूत्र छोटं. त्याचा संपूर्ण क्रम वाचून व्हायला २०२३ साल उजाडलं आणि प्रथिनं घडवणारी शंभराहून थोडीच अधिक जनुकं त्यावर मोजली गेली. त्यांतल्या एसआरवाय या जनुकामुळे गर्भात वृषण तयार होतं. हे जनुक १९९० मध्ये सापडलं. पण वृषण तयार व्हायला गर्भधारणेनंतर सहा-सात आठवडे जावे लागतात. त्याआधी, गर्भ शे-दोनशे पेशींचा गोळा असताना, संप्रेरकांचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही मुलगा होणाऱ्या गर्भाच्या आणि मुलगी होणाऱ्या गर्भाच्या पेशी तेव्हाच वेगळ्या असतात, कारण एकीत एक्सच्या दोन प्रती आहेत आणि दुसरीत एकच.

एक्सवर आठशेहून अधिक जनुकं आहेत. ती सगळी दुप्पट चालली तर पेशीचा हिशेब कोलमडेल. म्हणून स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स गुंडाळून बंद केलं जातं. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. त्याआधी १९४९ मध्ये मरे बार आणि इवर्ट बर्ट्रम यांना मांजरीच्या चेतापेशीत एक गडद ठिपका दिसला होता. बोक्याच्या पेशीत तो नसे. तो ठिपका म्हणजेच बंद झालेलं एक्स. कोणतं एक्स बंद करायचं, आईकडून आलेलं की वडिलांकडून आलेलं, हे गर्भातली प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे ठरवते आणि एकदा ठरलं की तिची सारी वंशावळ तेच पाळते. त्यामुळे स्त्रीचं शरीर दोन प्रकारच्या मूलपेशींच्या वंशांचं मिश्रण असतं. काही पेशी आईच्या एक्सवर चालतात, काही वडिलांच्या. पुरुषाच्या शरीरात असं मिश्रण नसतं. त्याच्याकडे आईचं एकच एक्स, आणि त्यात दोष असला तर हिमोफिलियासारखा आजार थेट उघडा पडतो. त्याच्या बहिणीकडे तोच दोष असला तरी साधारण निम्म्या पेशी दुसऱ्या एक्सवर चालत असल्यामुळे ती बहुधा सावरून जाते.

स्त्रियांच्या पेशींमधल्या या मिश्रणाचा उपयोग करून कर्करोगाबद्दलचा एक मोठा शोध लागला. १९६७ मध्ये फिलिप फियाल्को आणि सहकाऱ्यांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या काही स्त्रिया तपासल्या. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराचं जनुक एक्सवर असतं. या स्त्रियांकडे त्याचे दोन वेगळे नमुने होते. त्यांच्या त्वचेत दोन्ही नमुने सापडले, कर्करोगी रक्तपेशींत मात्र एकच. म्हणजे लक्षावधी रोगट पेशी एकाच मूलपेशीपासून निघाल्या होत्या. रक्ताचा हा कर्करोग एका पेशीत सुरू होतो, याचा तो भक्कम पुरावा होता, आणि पुरुष रुग्णांवर हा प्रयोग होऊच शकला नसता.

एक्स बंद होतं म्हणजे पूर्ण बंद होत नाही, हेही पुढे कळलं. बंद एक्सवरची सुमारे १५ टक्के जनुकं निसटतात आणि चालूच राहतात. म्हणजे स्त्रीच्या पेशीत ही जनुकं पुरुषापेक्षा अधिक बोलतात. यांतली काही रोगप्रतिकाराशी संबंधित आहेत. ल्युपससारखे, शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार स्त्रियांत कितीतरी पटींनी जास्त का आढळतात, याचं एक कारण इथे शोधलं जातं आहे.

पुरुषांच्या मूलपेशींचं वेगळंच काहीतरी होतं. वय वाढतं तशा अस्थिमज्जेतल्या काही मूलपेशी विभागताना वाय गुणसूत्र गमावून बसतात आणि तरीही जगतात, वाढतात. ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या नमुन्यांवरच्या मोठ्या अभ्यासात सत्तरीच्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या रक्तात असे वाय नसलेले वंश आढळले. धूम्रपान करणाऱ्यांत त्यांचं प्रमाण जास्त. हृदयविकार आणि काही कर्करोगांशीही त्यांचा संबंध दिसतो. आपलं गुणसूत्र जन्मभर तेच राहतं हा समज मूलपेशींच्या बाबतीत अर्धवटच खरा आहे.

आता प्रयोगशाळेतल्या पेशींकडे येऊ. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच जेम्स थॉमसन यांनी मानवी गर्भातून पहिल्यांदा मूलपेशींचे वंश वेगळे केले. ते पाच होते. एच-१, एच-१३ आणि एच-१४ हे पुरुष, एच-७ आणि एच-९ हे स्त्री. जगभरात सर्वाधिक वापरले गेलेले दोन वंश, एच-१ आणि एच-९, असे भिन्न लिंगांचे आहेत. २००७ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ माणसाच्या त्वचेपासून मूलपेशी घडवल्या, तेव्हा ती त्वचा एका ३६ वर्षांच्या स्त्रीच्या चेहऱ्याची होती. आपल्याकडेही हे काम झालं आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत 'काइंड-१' आणि 'काइंड-२' हे मानवी गर्भमूलपेशींचे वंश तयार झाले, तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात रक्ताच्या मूलपेशींवर वर्षानुवर्षं संशोधन चालत आलं आहे.

बशीत वाढवलेल्या स्त्रीपेशींची एक अडचण आहे. पिढ्यामागून पिढ्या वाढवताना, बंद एक्सला बंद ठेवणारा एक्सिस्ट नावाचा रेणू नाहीसा होऊ लागतो. मग बंद एक्सचे काही भाग पुन्हा जागे होतात. पेशी दिसायला चांगली, वाढायला चांगली, पण तिचा जनुकीय हिशेब बदललेला. एक्सशी संबंधित आजाराचा अभ्यास अशा पेशींवर केला तर निष्कर्ष चुकतो, कारण आजारी नमुना दाबून निरोगी नमुना मध्येच बोलू लागतो किंवा उलट घडतं. पुरुषपेशीला ही अडचण नाही, कारण तिच्याकडे बंद ठेवायला दुसरं एक्सच नाही. म्हणून स्त्रीपेशी वापरणाऱ्या संशोधकाला दर काही पिढ्यांनी एक्सची स्थिती तपासावीच लागते. आणि ही जबाबदारी टाळायला सोपा मार्ग म्हणून फक्त पुरुषपेशी वापरणं हे तर आणखी वाईट. ज्या औषधाची पहिली परीक्षा एकाच लिंगाच्या पेशींवर झाली, ते दुसऱ्या लिंगाच्या माणसांत कसं वागेल हे नंतर रुग्णाच्या शरीरावर कळण्यात काय अर्थ आहे?

बराच काळ पेशीचं लिंग शोधनिबंधात लिहिण्याचीच पद्धत नव्हती. प्राण्याची जात, वय, वजन सगळं लिहायचं, आणि पेशी नराची की मादीची हे सोडून द्यायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या जनीन क्लेटन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांनी २०१४ मध्ये जाहीर केलं की यापुढे प्राणी आणि पेशी या दोन्हींवरच्या प्रयोगांत लिंगाचा विचार करावाच लागेल. हा नियम फार उशिरा आला, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांतही ही एक ओळ सक्तीची व्हायला हवी. त्याला एक पैसाही लागत नाही.

आता मूळ प्रश्न. फरक पेशीच्या आतला की बाहेरचा? याचं उत्तर पेशी एका शरीरातून दुसऱ्यात हलवल्याशिवाय मिळत नाही. उंदरांवरचे दोन प्रयोग एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे ब्रिजेट डीझी आणि जॉनी ह्यूआर्ड यांच्या गटानं २००७ मध्ये नर आणि मादी उंदरांच्या स्नायूंतल्या मूलपेशी स्नायूंचा ऱ्हास झालेल्या उंदरांत सोडल्या. मादीच्या पेशींनी स्नायू अधिक चांगला भरून काढला. म्हणजे इथे फरक पेशीनं आपल्याबरोबर नेला होता. मात्र पेशी ज्या उंदरात सोडली त्याच्या लिंगाचाही काही परिणाम होताच.

दुसरा प्रयोग रक्ताचा. शॉन मॉरिसन यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की मादी उंदरांत रक्ताच्या मूलपेशी नरापेक्षा जास्त वेळा विभागतात. पण अंडाशय काढून टाकलं की हा फरक मिटतो, आणि नराला इस्ट्रोजेन दिलं की त्याच्याही मूलपेशी तशाच वागू लागतात. गाभण मादीत इस्ट्रोजेन वाढतं, मूलपेशींची संख्या वाढते आणि वाढत्या रक्ताची गरज भागते. इथे फरक पेशीच्या आतला नव्हता, बाहेरच्या संप्रेरकाचा होता. नर आणि मादी दोघांच्याही पेशींत इस्ट्रोजेन ओळखणारा ग्राहक होता, एकीकडे संप्रेरक पुरेसं पोचत होतं आणि दुसरीकडे नव्हतं.

म्हणून 'स्त्रीच्या मूलपेशी जास्त चांगल्या' किंवा 'पुरुषाच्या जास्त दमदार' अशी विधानं कुठे वाचली तर ती बाजूला ठेवावीत. स्नायूत एक उत्तर येतं, रक्तात दुसरं, आणि हे प्रयोग उंदरांचे आहेत. माणसात ते जसेच्या तसे लागू होतील असं गृहीत धरता येत नाही. काही खासगी दवाखाने मात्र गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर मूलपेशींचं इंजेक्शन देतो असं सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण ही मान्य उपचारपद्धती आहे. त्यापलीकडचे मूलपेशी उपचार पैसे घेऊन देण्याजोगे नाहीत, ते मंजूर चाचण्यांतच व्हायला हवेत.

पेशींची अदलाबदल जुळ्यांतच होते असंही नाही. ती प्रत्येक आईत होते. डायना बियांकी यांच्या गटानं १९९६ मध्ये स्त्रियांच्या रक्तात वाय गुणसूत्र असलेल्या पूर्वज पेशी शोधल्या. एका आईत मुलगा जन्मल्यानंतर २७ वर्षांनीही त्या सापडल्या. मुलगा शिकून, लग्न होऊन, स्वतः बाप झालेला असेल, आणि त्याच्या गर्भावस्थेतल्या पेशी आईच्या अंगात अजून फिरत असतील. मुलीच्या पेशीही आईत राहतात, पण त्या आईसारख्याच एक्सएक्स असल्यामुळे ओळखू येणं अवघड. या विषयात मुलग्यांबद्दलच जास्त माहिती का आहे, याचं कारण इतकं साधं, तांत्रिक आहे. उलट दिशेनं आईच्या काही पेशी बाळात उतरतात आणि मोठेपणीही राहतात. म्हणजे पूर्णपणे एक्सवाय पेशींचाच बनलेला पुरुष बहुधा कुठे सापडणार नाही.

गर्भात आलेल्या परक्या पेशी शरीर का स्वीकारतं? ओवेन यांच्या वासरांनी हा प्रश्न उभा केला आणि ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्यावर सिद्धान्त मांडला. प्रतिकारशक्ती घडत असताना जे शरीरात असतं, ते तिला आपलंच वाटतं. पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये उंदरांवर ते सिद्ध केलं आणि १९६० मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणूनच पोटात असताना आलेल्या भावाच्या पेशी बहिणीला जन्मभर चालतात.

मोठेपणी मात्र तीच गोष्ट अडते. नेदरलँड्समधल्या लायडन इथे एल्स गुलमी यांनी १९७६ मध्ये एका स्त्री रुग्णाचं उदाहरण अभ्यासलं. तिला अप्लास्टिक ॲनिमिया होता, म्हणजे तिची अस्थिमज्जा रक्त बनवायची थांबली होती. एचएलए, म्हणजे प्रतिकारशक्ती ज्यांवरून आपलं-परकं ओळखते त्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळणाऱ्या भावाची मज्जा तिला दिली, तरी तिच्या शरीरानं ती नाकारली. तपासणीत दिसलं की तिच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, पुरुषांच्या पेशी ओळखून मारत होत्या. वाय गुणसूत्रावरच्या जनुकांनी बनवलेली काही प्रथिनं स्त्रीच्या शरीरात कधी नसतात, त्यामुळे तिची प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजते. या खुणांना एच-वाय प्रतिजन म्हणतात. सगळं जुळूनसुद्धा केवळ लिंगाच्या फरकामुळे मज्जा नाकारली जाऊ शकते, हे तेव्हा कळलं.

उलट बाजूनं, बहिणीची मज्जा भावाला दिली तर वेगळा धोका असतो. बहिणीच्या प्रतिकारपेशी भावाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर उलटतात. याला ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट आजार म्हणतात आणि स्त्री दाता-पुरुष रुग्ण या जोडीत त्याचा जुनाट प्रकार जास्त दिसतो. दाती स्त्री मुलग्याची आई असेल तर धोका आणखी वाढतो, कारण तिच्या पेशींनी गरोदरपणातच वायची ओळख करून घेतलेली असते. याचा एक फायदाही आहे. त्याच पेशी उरलेल्या कर्करोगी पेशींवरही तुटून पडतात आणि आजार पुन्हा उलटण्याची शक्यता कमी होते.

भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सुरुवात मुंबईतच झाली. १९८३ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. आज टाटा केंद्राचं हे काम खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं. सातारा-सांगलीकडचे रुग्ण पुण्याला किंवा मुंबईला जातात. भाऊ-बहीण अशी जोडी असेल तर प्रत्यारोपण लागलं की नाही हे पाहण्याची एक नेटकी पद्धत आहे. रुग्णाच्या रक्तातल्या पेशींवर एक्स आणि वाय गुणसूत्रांना चिकटणारे दोन रंगांचे चमकते ठिपके सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. बहिणीनं भावाला मज्जा दिली असेल, तर एक्सएक्स पेशी वाढत गेल्या म्हणजे तिच्या मूलपेशी रुजल्या. एक्सवाय पेशी पुन्हा दिसू लागल्या तर डॉक्टर सावध होतात, कारण भावाची जुनी मज्जा, आणि तिच्यासोबत कदाचित जुना आजारही, परतत असतो. प्रत्यारोपण पूर्ण यशस्वी झालं की त्या माणसाच्या गालाच्या आतल्या पेशींत बऱ्याच अंशी एक्सवाय आणि रक्तात एक्सएक्स असा निकाल येतो. डीएनए तपासणीसाठी रक्त घेणाऱ्या प्रयोगशाळेला प्रत्यारोपणाची माहिती द्यायला हवी ती याचसाठी.

मग भावाला बहिणीची मज्जा घ्यावी की नाही? सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि लहान कुटुंबांत तो एक मिळणंच कठीण. जुळणारे दोघे असतील, एक भाऊ आणि एक मुलं असलेली बहीण, तर पुरुष रुग्णासाठी साधारणपणे भावाला पसंती दिली जाते. पण एचएलए जुळणं, दात्याचं वय आणि तब्येत यांचं वजन लिंगापेक्षा जास्त. एकटी बहीणच जुळत असेल तर डॉक्टर भावासाठी थांबत नाहीत. ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट टाळणारी औषधं आधीपासून सुरू करतात, पुढचे महिने त्वचा, यकृत आणि आतड्यांवर बारीक लक्ष ठेवतात आणि बहिणीच्याच मूलपेशी घेतात.